प्राणी दिसला नाही, तर कागदावर काय लिहायचं?

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. आम्ही तिघं रेषेच्या तोंडाशी उभे होतो. रेषा म्हणजे जंगलातून सरळ आखलेली दोन किलोमीटरची वाट, झाडांच्या बुंध्यांवर रंगाचे पट्टे मारलेली. पुढे वनरक्षक, मधे मी गळ्यात होकायंत्र आणि अंतर मोजायचं यंत्र अडकवून, आणि मागे पहिल्यांदाच सर्वेक्षणाला आलेला कॉलेजचा एक मुलगा. तक्ता भरायचं काम त्याच्याकडे होतं. चालायचं ते अगदी सावकाश, तासाला एक-सव्वा किलोमीटर, मधून मधून थांबून कानोसा घेत. आठच्या सुमारास रेषा संपली. लांबवर एकदा भेकर भुंकलेलं ऐकू आलं, एवढंच. दिसलं काहीच नाही. मुलाने कोऱ्या तक्त्याची घडी केली आणि खिशात घातली.

"अरे, कागद काढ," वनरक्षक म्हणाले. "सुरू केल्याची वेळ लिही, संपल्याची वेळ लिही आणि खाली शून्य लिही."

"पण दादा, काही दिसलंच नाही."

"मग तेच लिहायचं ना."

वन्यजीव सर्वेक्षणाबद्दल बोलताना मी नेहमी या शून्यापासून सुरुवात करतो. कॅमेरे, ड्रोन, उपग्रह, डीएनए या गोष्टी लोकांना आवडतात आणि त्यांच्याबद्दल खाली बोलूच. पण एखाद्या प्रदेशात कोणता प्राणी कुठे राहतो हे शोधण्याचं सगळं शास्त्र एका अवघड प्रश्नाभोवती फिरतं. आपल्याला प्राणी दिसला नाही, तेव्हा तो तिथे नव्हता की आपल्यालाच सापडला नाही?

माणसांची जनगणना करताना प्रगणक घरोघरी जातो, दार वाजवतो, माणसं मोजतो. प्राण्यांना दार नाही. ते आपल्याआधी आपल्याला बघतात, वास घेतात आणि निघून जातात. बरेचसे रात्री हिंडतात. काही वर्षातले काही महिने जमिनीखाली असतात, काही दुसऱ्या प्रदेशात. त्यामुळे एखाद्या मोठ्या प्रदेशातले सगळे प्राणी एक-एक करून मोजणं जवळपास कधीच शक्य नसतं. जे शक्य असतं ते म्हणजे काही जागा नीट निवडायच्या, तिथे ठरलेल्या पद्धतीने शोधायचं आणि त्यावरून बाकीच्याचा अंदाज बांधायचा. तो अंदाज किती डळमळीत आहे हेही सोबत सांगायचं.

शोधायला निघण्याआधी आपल्याला काय विचारायचंय हे ठरलेलं हवं. प्राणी कुठे-कुठे आहे, हा झाला आढळाचा प्रश्न. किती आहेत, हा संख्येचा. आणि तिथेच का आहेत, शेजारच्या डोंगरावर का नाहीत, हा अधिवासाचा. तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, पण त्यांची कामं वेगळी, खर्च वेगळा, लागणारी माणसं वेगळी. एकाच फेरीत सगळं उरकू म्हणून निघालेली सर्वेक्षणं मी पाहिली आहेत. त्यांच्या हाती तिन्हींपैकी एकाचंही धड उत्तर लागत नाही.

नकाशावरचे चौकोन

आढळाच्या सर्वेक्षणाची सुरुवात नकाशावर होते. सगळ्या प्रदेशावर चौकोनांची जाळी टाकायची. चौकोन केवढा घ्यायचा हे प्राण्यावर ठरतं. एक प्राणी जेवढ्या क्षेत्रात वावरतो त्यापेक्षा चौकोन मोठा असावा. नाहीतर एकच वाघ चार चौकोनांत ठसे सोडून जाईल आणि आपण चार चौकोन भरलेले दाखवू. कर्नाटकातल्या पश्चिम घाटात वाघांच्या आढळाचं असं एक मोठं सर्वेक्षण झालं, त्याचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. तिथे एकेक चौकोन १८८ चौरस किलोमीटरचा होता, असे २०५ चौकोन होते आणि त्यांत मिळून ४,१७४ किलोमीटर चालून वाघाच्या खुणा शोधल्या गेल्या. बेडकांसाठी कोणी १८८ चौरस किलोमीटरचा चौकोन घेतला, तर प्रत्येक चौकोनात बेडूक सापडेल आणि नकाशा काहीच सांगणार नाही.

जाळी टाकली की मोह सुरू होतो. ज्या पाणवठ्यावर हमखास काहीतरी दिसतं, जिथे जीप जाते, जिथे विश्रामगृह जवळ आहे, तिथे जावंसं वाटतं. हा मोह आवरण्यासाठीच चौकोन आणि त्यातल्या वाटा आधी ठरवतात, बहुधा चिठ्ठ्या टाकल्यासारख्या. रस्त्याकडेच्या नोंदी घेतल्या तर रस्त्याकडेच्या प्राण्यांचा नकाशा होतो. काही प्राणी रस्ता टाळतात, काही मुद्दाम त्यावर येतात. म्हणून जीपच्या रस्त्यालाच रेषा मानून मोजणी करणं चूक समजतात. उन्हाळ्यातल्या पौर्णिमेला पाणवठ्याशेजारच्या मचाणावर रात्रभर बसून केलेल्या मोजणीचंही तसंच आहे. तो अनुभव विलक्षण असतो, त्या एका रात्रीत माणूस जंगलाचा होऊन जातो. म्हणून ती बंद व्हावी असं मला मुळीच वाटत नाही. पण त्या रात्री पाण्यावर किती प्राणी आले, एवढंच ती सांगते. एकच गवा दोनदा येऊ शकतो, आणि ज्याने ओढ्यात आधीच पाणी पिऊन घेतलंय तो येतच नाही.

शून्य किती खरं

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. एका चौकोनात तुम्ही गेलात आणि तुम्हाला अस्वलाची एकही खूण मिळाली नाही. अस्वल तिथे नाही असं म्हणायचं का?

समजा, अस्वल असलेल्या चौकोनात एका फेरीत त्याची खूण सापडण्याची शक्यता ४० टक्के आहे. म्हणजे न सापडण्याची ६० टक्के. तीन वेगवेगळ्या दिवशी तीन फेऱ्या मारल्या, तर तिन्ही वेळा हुकण्याची शक्यता ०.६ गुणिले ०.६ गुणिले ०.६, म्हणजे साधारण २२ टक्के. अस्वल असलेल्या शंभर चौकोनांपैकी बावीस चौकोन, तीन-तीनदा पायपीट करूनही, कागदावर अस्वलाविना राहतील. आपण त्यांना रिकामे समजू. उद्या तिथे खाण आली किंवा रस्ता आला, तर "इथे अस्वल नाही" असं आपलाच कागद सांगेल.

यातून सुटका कशी? त्याच चौकोनात पुन्हा पुन्हा जाऊन, आणि प्रत्येक फेरीची नोंद वेगळी ठेवून. एखाद्या चौकोनाची नोंद "नाही, आहे, नाही" अशी आली, तर पहिल्या आणि तिसऱ्या फेरीतलं "नाही" खोटं होतं हे आपल्याला कळतं. अस्वल होतं, आपण हुकलो. आपण किती वेळा हुकतो हे मोजायची वाट इथेच सापडते. सोपा हिशेब असा: ज्या चौकोनांत अस्वल एकदा सापडलं, त्यांतल्या पुढच्या फेऱ्या बघा. अस्वल तिथे आहे हे आता ठाऊक आहे. मग त्या पुढच्या फेऱ्यांपैकी कितींमध्ये ते पुन्हा सापडलं? दहापैकी चारमध्ये सापडलं, तर एका फेरीत सापडण्याची शक्यता ४० टक्के. आपला हुकण्याचा दर आपल्याच नोंदींतून निघाला.

आता उलट मोजायचं. शंभर चौकोन पाहिले, तीन-तीन फेऱ्या मारल्या, ४७ चौकोनांत अस्वल सापडलं. तीनपैकी एकदा तरी सापडण्याची शक्यता ७८ टक्के आहे. मग ४७ भागिले ०.७८, म्हणजे खरे चौकोन साधारण ६० असावेत. उरलेले तेरा नेमके कोणते हे सांगता येत नाही, पण तेवढे आहेत हे कळतं. डॅरिल मॅकेन्झी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ही कल्पना नीट गणितात बसवली आणि त्यानंतर जगभरच्या सर्वेक्षणांची रीत बदलली. वर सांगितलेल्या कर्नाटकातल्या सर्वेक्षणात नुसतं "सापडला म्हणजे आहे, नाही सापडला म्हणजे नाही" असं धरलं असतं, तर वाघांचं क्षेत्र ४७ टक्क्यांनी कमी भरलं असतं. जवळपास अर्धा प्रदेश कागदावरून गेला असता.

या गणिताला एक अट आहे. शून्य लिहिलेलं हवं. फेरी झाली, काही मिळालं नाही आणि कागद खिशातच राहिला, तर फेरी झालीच नाही असं होतं. मागे एका हौशी गटाच्या तीन वर्षांच्या नोंदी माझ्याकडे आल्या होत्या. माणसं फार मनापासून हिंडलेली. पण ज्या दिवशी काही दिसलं त्याच दिवसाचे कागद जपलेले होते. कुठे, किती वेळा, किती तास शोधूनही मिळालं नाही, याचा कुठेच पत्ता नव्हता. त्या तीन वर्षांतून प्राण्यांची यादी निघाली, आढळाचा नकाशा निघाला नाही. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

आणि त्या सकाळचं सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी त्याच रेषेवर, पाऊण किलोमीटरच्या खुणेपाशी, चौदा चितळांचा कळप उभा होता.

मातीवर लिहिलेलं

मोठे मांसाहारी प्राणी प्रत्यक्ष दिसणं हा नशिबाचा भाग. त्यामुळे आढळाचं बरंचसं काम खुणांवर चालतं आणि खुणा वाचणं ही शिकायची विद्या आहे. ठसा दिसला की आधी नखं बघायची. कुत्रा, लांडगा, कोल्हा, तरस यांच्या ठशात नखांच्या टोकांचे ठिपके उमटतात. वाघ-बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो, त्यामुळे त्याचा ठसा गोल आणि बिननखांचा. मग तळव्याची गादी बघायची. मांजरकुळाच्या गादीच्या मागच्या कडेला तीन फुगवटे दिसतात. कुत्र्याची गादी तिकोनी, पुढे निमुळती. तरसाचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा स्पष्ट मोठा. अस्वलाचा मागचा पाय एखाद्या लहान, रुंद माणसाच्या पावलासारखा उमटतो, आणि पुढच्या पंजासमोर लांब नखांच्या रेघा.

विष्ठेतून आणखी कळतं. तरसाची वाळलेली विष्ठा चुन्यासारखी पांढरी असते, कारण तो हाडं चावून पचवतो. अस्वलाच्या विष्ठेत हंगामानुसार बोरांच्या नाहीतर जांभळांच्या बियांचा खच, शिवाय वाळवीची डोकी. वारुळ वरून उकरून खोल भोक पाडलेलं असेल तर तेही अस्वलाचंच काम. ठसा ताजा की शिळा, हेही मातीच सांगते. पहाटे दव पडल्यावर उमटलेल्या ठशाच्या कडा धारदार असतात, आणि रात्रीच्या किड्यांनी ठशावरून रेघा ओढल्या असतील तर प्राणी त्यांच्याआधी गेलेला.

इथे एक शिस्त फार कडक पाळावी लागते. खात्री नसेल तर "अनिश्चित" लिहायचं. मोठ्या कुत्र्याचा ठसा लांडगा म्हणून लिहिला, तर नकाशावर नसलेला लांडगा उभा राहतो, आणि वरचं सगळं गणित अशा चुकीपुढे हतबल आहे. हुकलेलं भरून काढता येतं. खोटं सापडलेलं शोधून काढणं फार अवघड. म्हणून संशयास्पद खुणेचा फोटो घेतात, शेजारी मोजपट्टी किंवा पेन ठेवून. आता विष्ठेचा नमुना प्रयोगशाळेत पाठवून डीएनएवरून प्राण्याची जात, कधीकधी तो नेमका कोणता प्राणी, हेही ठरवता येतं. तळ्याच्या पाण्यातही त्यात राहणाऱ्या प्राण्यांचा डीएनए सांडलेला असतो. फ्रान्समधल्या तळ्यांत बाहेरून आलेला बुलफ्रॉग बेडूक असा नुसत्या पाण्यावरून ओळखता येतो, हे २००८ मध्ये दाखवलं गेलं. वटवाघळांसाठी आणि रातव्यांसाठी आवाज टिपणारी छोटी यंत्रं झाडाला बांधून ठेवतात. साधनं बदलली तरी प्रश्न तोच राहतो: यंत्राने ऐकलं नाही, तर प्राणी नव्हता की गप्प होता?

किती आहेत, याचं उत्तर

भारतात कित्येक वर्षं वाघ मोजले गेले ते पंजाच्या ठशांवरून. सरोज राज चौधरी यांनी १९६६ मध्ये ही पद्धत आणली. काचेवर ठसा गिरवून घ्यायचा, प्लास्टरचा साचा करायचा आणि आकारावरून एकेक वाघ ओळखायचा. १९७२ च्या पहिल्या देशव्यापी मोजणीत १,८२७ वाघ निघाले ते याच पद्धतीने. वनरक्षकांनी त्यासाठी उपसलेले कष्ट खरे होते. पण एकाच वाघाचा ठसा मऊ चिखलात वेगळा, कोरड्या धुळीत वेगळा, उतारावर वेगळा उमटतो. शिवाय या पद्धतीत सगळे वाघ मोजले गेले असं गृहीत धरलेलं होतं, हुकण्याचा हिशेब नव्हता. २००५ च्या सुरुवातीला राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्रप्रकल्पात एकही वाघ उरला नसल्याचं उघड झालं, तेव्हा कागदावर तिथे वाघ होते. त्यानंतर देशाने मोजायची पद्धतच बदलली.

नवी पद्धत कशावर उभी आहे, ते एका छोट्या उदाहरणातून बघू. वाघाचे पट्टे आपल्या बोटांच्या ठशांसारखे, दोन वाघांचे सारखे नसतात. त्याच्या डाव्या आणि उजव्या कुशीचे पट्टेही वेगळे, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना साधारण गुडघ्याच्या उंचीवर दोन कॅमेरे समोरासमोर लावतात. समजा, पहिल्या फेरीत २० वेगवेगळे वाघ टिपले गेले. दुसऱ्या फेरीत २५ टिपले गेले आणि त्यांतले १० पहिल्या फेरीतलेच होते. म्हणजे दुसऱ्या फेरीतल्या वाघांपैकी ४० टक्के ओळखीचे. मग पहिल्या फेरीतले २० वाघ एकूण वाघांच्या साधारण ४० टक्के असणार. एकूण झाले ५०. आपण प्रत्यक्ष पाहिले ३५, पण हिशेब पन्नासांचा लागला, कारण ओळखीचे चेहरे किती कमी वेळा पुन्हा भेटले यावरून न भेटलेल्यांचा अंदाज येतो.

ही युक्ती वाघांच्या कितीतरी आधीची आहे. डेन्मार्कच्या पीटरसन यांनी १८९० च्या दशकात माशांना खुणेच्या चकत्या लावल्या होत्या, तर अमेरिकेत लिंकन यांनी १९३० मध्ये कडी घातलेल्या बदकांवरून असाच हिशेब मांडला. वाघांसाठी कॅमेऱ्यांच्या मदतीने ती पहिल्यांदा नीट वापरली के. उल्हास कारंथ यांनी, नव्वदच्या दशकात कर्नाटकातल्या नागरहोळेच्या जंगलात. आज देशभराच्या वाघांच्या अंदाजात हेच तत्त्व आहे. २०१८ च्या फेरीत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले आणि जवळपास ३ कोटी ४८ लाख फोटो मिळाले. त्यांत वाघाचे फोटो ७६,६५१. म्हणजे हजार फोटोंत वाघ जेमतेम दोन. बाकी चितळं, सांबरं, रानडुकरं, गुरं, माणसं आणि वाऱ्याने हललेलं गवत.

बातम्यांमध्ये येणारा आकडा वाचताना एक लक्षात ठेवा. २०२२ च्या फेरीत ३,०८० वेगवेगळ्या वाघांचे फोटो मिळाले, अंदाज ३,६८२ चा निघाला आणि त्याची वरची मर्यादा ३,९२५ होती. यातला मधला आकडाच सगळीकडे छापून येतो, पण तिन्ही मिळून खरं उत्तर आहे. हिमबिबट्यांच्या भारतातल्या पहिल्या देशव्यापी अंदाजात, जो २०१९ ते २०२३ मध्ये झाला, फोटोंतून २४१ हिमबिबटे वेगळे ओळखता आले आणि एकूण अंदाज ७१८ होता. टिपलेले आणि असलेले यांतली दरी केवढी असू शकते, ते या दोन आकड्यांत दिसतं. आणखी एक: वेगळ्या पद्धतीने काढलेले आकडे एकमेकांतून वजा करू नयेत. २००१-०२ मध्ये ठशांवरून ३,६४२ वाघ सांगितले गेले, २००६ मध्ये नव्या पद्धतीने १,४११. मधल्या काळात वाघ गेले हे खरं, पण या दोन आकड्यांची वजाबाकी करून किती गेले ते सांगता येत नाही, कारण पहिली मोजपट्टीच वेगळी होती.

चितळाला पट्टे नाहीत, सांबर एकासारखं एक. त्यांच्यासाठी ती सकाळची रेषा. कळप दिसला की तीन गोष्टी घ्यायच्या: किती जनावरं, किती अंतरावर, आणि रेषेशी किती अंशांत. त्या चौदा चितळांचा कळप माझ्यापासून ६० मीटरवर, रेषेपासून ३० अंशांत होता. शाळेतली त्रिकोणमिती इथे कामाला येते. ६० गुणिले अर्धा, म्हणजे रेषेपासून कळपाचं काटकोनातलं अंतर ३० मीटर. अशा साठ-ऐंशी नोंदी जमल्या की एक चित्र दिसू लागतं: रेषेजवळचे कळप भरपूर, लांब जावं तसे कमी. चितळं तर जंगलभर पसरलेली आहेत, ती रेषेपाशी गोळा होत नाहीत. मग ही घट आपल्या नजरेची आहे. घट किती वेगाने होते त्यावरून लांबचे किती हुकले ते कळतं, आणि त्यावरून चौरस किलोमीटरला किती चितळं हे निघतं. सगळा हिशेब एका गोष्टीवर टेकलेला आहे, की ऐन रेषेवरचं काहीही सुटत नाही. म्हणून हळू चालायचं, आणि म्हणून बोलायचं नाही.

तिथेच का

अधिवासाची नोंद हे सर्वेक्षणातलं सगळ्यात कंटाळवाणं काम समजलं जातं. मला ते सगळ्यात बोलकं वाटतं. रेषेवर ठरावीक अंतरावर थांबायचं आणि सभोवतालच्या ठरलेल्या वर्तुळातली झाडं जातीनिशी लिहायची. डोक्यावर पानांचं छत किती दाट, जमिनीवर गवत की पाचोळा की नुसता दगड, पाणी किती लांब. सोबत माणसाच्या खुणाही: फांद्या छाटलेल्या, गुरांचं शेण, वणव्याची काजळी. उपग्रहाच्या चित्रात जे नुसतं हिरवं दिसतं, तिथे गेल्यावर कधीकधी झाडांखाली घाणेरीचं रान माजलेलं असतं आणि चितळाला तोंड लावायला गवताची काडी नसते. वरून दाट जंगल आणि खालून उपाशी. प्राण्याच्या आढळाशेजारी ही नोंद ठेवली, तरच चितळ या बाजूला आहे आणि त्या बाजूला का नाही ते सांगता येतं.

याच्या उलटही होतं, आणि ते मला जास्त बोचतं. माळरान उघडं दिसतं, म्हणून सरकारी नकाशांवर त्याची नोंद बराच काळ "पडीक" म्हणून होत आली. पण लांडगा, काळवीट, खोकड, तणमोर, माळढोक यांचं घर तेच आहे. झाडं असतील तरच अधिवास, असं धरून सर्वेक्षणं फक्त जंगलात केली, की नकाशावर प्राणी फक्त जंगलातच दिसतात. मग तोच नकाशा दाखवून माळावर प्रकल्प उभे राहतात. कुठे शोधायचं हे ठरवतानाच निम्मं उत्तर ठरून जातं.

हे काम फक्त तज्ज्ञांचं उरलेलं नाही. केरळात २०१५ ते २०२० या काळात पक्ष्यांचा जो अ‍ॅटलास तयार झाला, त्यासाठी स्वयंसेवकांनी राज्यभरातल्या ठरवून दिलेल्या जागी, पावसाळी आणि कोरड्या अशा दोन्ही हंगामांत जाऊन नोंदी केल्या. २००२ मध्ये सुरू झालेल्या ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकताना एक साधा प्रश्न येतो: ओळखलेले सगळे पक्षी तुम्ही यात लिहिलेत का? "हो" म्हटलं की यादीत नसलेल्या प्रत्येक पक्ष्याचं शून्य आपोआप नोंदलं जातं. चिमणी-कावळा कशाला लिहायचा, असं वाटून ते गाळले, तर ते शून्य खोटं होतं. दुर्मीळ प्राण्यांच्या बाबतीत मात्र नेमकी जागा जगजाहीर करू नये. घरट्याचा पत्ता शिकाऱ्यालाही वाचता येतो.

जुने कागद

जोसेफ ग्रिनेल नावाचे एक प्राणिशास्त्रज्ञ १९०४ पासून कॅलिफोर्नियात सर्वेक्षणं करत होते. ते आणि त्यांचे सहकारी रोज संध्याकाळी वहीत लिहीत: कुठे तळ ठोकला, किती सापळे लावले, किती रात्री लावले, काय मिळालं, कुठे काहीच मिळालं नाही. या नोंदींची खरी किंमत बऱ्याच वर्षांनी, कदाचित शंभर वर्षांनी कळेल, असं त्यांनी १९१० मध्येच लिहून ठेवलं होतं. साधारण नव्वद वर्षांनी संशोधक त्याच जागी, योसेमिटीच्या डोंगरात, पुन्हा गेले. २८ प्रकारच्या छोट्या सस्तन प्राण्यांपैकी जवळपास निम्मे सरासरी ५०० मीटर वर सरकलेले निघाले. खाली उष्मा वाढला होता. पण "पूर्वी हा उंदीर इतक्या उंचीवर नव्हता" असं ठामपणे म्हणता आलं ते कशामुळे? ग्रिनेलच्या वहीत प्रत्येक रात्रीचा हिशेब होता म्हणून. तेव्हाच्या फेऱ्यांत हुकण्याची शक्यता किती, हे शंभर वर्षांनी त्या पानांवरून काढता आलं.

कागद खोटा असला तर काय होतं, याचं उदाहरण आपल्या सातपुड्यात आहे. रानपिंगळा या छोट्या घुबडाचं वर्णन १८७३ मध्ये झालं. १८८४ पर्यंत त्याचे मोजकेच नमुने मिळाले आणि मग पक्षी जणू नाहीसा झाला. मधे एकच नोंद होती, रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश अधिकाऱ्याने १९१४ मध्ये गुजरातेत, तापीकाठच्या मांडवीला मिळवल्याचा दावा केलेला नमुना. सलीम अली आणि डिलन रिप्ली या पक्षीतज्ज्ञांनीही पुढे या पक्ष्याचा शोध घेतला, हाती काही लागलं नाही. नव्वदच्या दशकात अमेरिकी पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयांतले नमुने बारकाईने तपासले. मांडवीचा नमुना म्हणजे संग्रहालयातूनच चोरलेला, पुन्हा नव्याने भरलेला आणि खोटी चिठ्ठी लावलेला जुना पक्षी होता. ती नोंद बाद केल्यावर खऱ्या नमुन्यांच्या चिठ्ठ्यांवरची ठिकाणं तेवढी उरली. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट तिकडे गेले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या रानात, दिवसाउजेडी, एका निष्पर्ण झाडावर रानपिंगळा बसलेला दिसला. ११३ वर्षांनी.

त्यानंतर लोकांनी पद्धतशीर शोधायला सुरुवात केली. तोरणमाळ, मेळघाट, मध्य प्रदेशातली सागाची जंगलं, एकेक ठिकाण नकाशावर आलं. २०१४ मध्ये तो सातपुड्यापासून कितीतरी दक्षिणेला, मुंबईला पाणी देणाऱ्या तानसाच्या जंगलात आढळला. त्याआधीच्या आढळाच्या नकाशांवर तानसाची जागा कोरी होती.